जरा तुमच्या फोनवर शोधता का?

आमच्या ताईंना एकदा चिंचवड स्टेशनच्या रिक्षा स्टँडवर मोबाइलचोर समजून अडवून ठेवलं होतं. मी सोडवायला धावत गेले, तर ताई रिक्षाच्या मागच्या सीटवर मांडी घालून बसलेल्या, आणि ज्यांनी अडवलं तेच रिक्षावाले त्यांच्याभोवती कोंडाळं करून आपापले फोन पुढं धरत होते. "माझ्यावर बघा ताई, माझ्यावर काय येतंय!" ताई फोनला हात न लावता लांबूनच बघत होत्या, मान डोलावत होत्या. मला बघून म्हणाल्या, "ये लातूर. बघ, जितके फोन तितक्या तऱ्हा."

हा त्यांचा रोजचा उद्योग. कुठल्याही अनोळखी माणसापुढं उभं राहायचं आणि म्हणायचं, "दादा, जरा तुमच्या फोनवर एक गोष्ट शोधता का?" कुणी दचकायचं, कुणी फोन खिशात घालायचं, पण बहुतेक जण शोधायचे. ताईंच्या आवाजाला नाही म्हणणं अवघडच होतं. दातांच्या दवाखान्यात त्या तोंड उघडं ठेवून, खुणांनी, डॉक्टरांकडून "स्प्रिंग बनवणारे चाकण" असं शोधून घेऊन आल्या होत्या. मी विचारलं, स्वतःचा फोन आहे की तुमच्याकडं. तर म्हणाल्या, "माझा फोन मला ओळखतो गं. माझे लाड करतो. मी बनवलेलंच मला वर दाखवतो. आपली पोरगी सुंदर आहे का हे आईला विचारायचं नसतं, परक्याला विचारायचं."

ताईंच्या हाताखाली आम्ही कारखान्यांचे व्हिडिओ बनवायचो. मोठ्या कंपन्यांचे नाही. त्यांच्याकडं त्यांची माणसं असतात. आमचे कारखाने भोसरी, तळवडे, निघोजे, चाकण या पट्ट्यातले, पत्र्याच्या शेडमधले. कुणी पंप बनवतं, कुणी रबरी पाइप, कुणी पॅकिंगची पेटी. कुणी सर्चवर अशी वस्तू शोधली की आमच्या माणसाचा व्हिडिओ त्याच्या नजरेला पडायला हवा, हे आमचं काम. ऑफिस थेरगावात, टायरच्या दुकानावर. खाली टायर ठोकायला लागले की वर आम्ही रेकॉर्डिंग थांबवायचो आणि चहा घ्यायचो. कारखान्यांसारखी आम्हालाही सुट्टी गुरुवारी असायची. रविवारी सुट्टी घेणाऱ्यांना ताई "बँकवाले" म्हणायच्या.

माणसांना त्या नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी लातूर. कॅमेरा धरणारा आमचा सहकारी कणकवली. कारखानदारसुद्धा तसेच, फोनवर "हॅलो, निघोजे का? बोला निघोजे," असं चालायचं. सुरुवातीला मला राग यायचा. पुढं एकदा गावाकडं मामांशी बोलताना मी स्वतःच "लातूर बोलतेय" म्हणाले, आणि मामा म्हणाले, "आख्खं लातूर बोलायलंय का बाई?"

मुलाखतीच्या दिवशी मी त्यांना माझं काम दाखवलं होतं. डोंगरावरून ड्रोन उडतोय, खाली धुकं, मागं बासरी. ताईंनी आवाज बंद करून ते सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "छान आहे. पण ड्रोन म्हणजे घारीची नजर. आपलं गिऱ्हाईक घार नाही, अडलेला माणूस आहे. त्याचा पंप बंद पडलाय, वर साहेब ओरडतोय, आणि तो एका हातानं फोनवर शोधतोय. त्याला तू बासरी ऐकवणार?"

"मग काय दाखवायचं?"

"पंप," ताई म्हणाल्या. "उद्यापासून ये."

त्यांचा आवाज हा वेगळाच प्रकार होता. वडील पिंपरीतल्या एका कारखान्यात भट्टीवर होते. वस्तीत जयंतीच्या कार्यक्रमाचा माइक वर्षानुवर्षं ताईंच्या हातात. पुढं त्यांनी लग्नाच्या शूटिंगची कामं घेतली. बाई कॅमेरा घेऊन येते याचं लोकांना अप्रूप, आणि मांडवातल्या बायकाही त्यांच्यापुढं मोकळ्या व्हायच्या. त्यातल्याच एका नवरीच्या भावाच्या वर्कशॉपचा त्यांनी हौसेनं व्हिडिओ करून दिला आणि तिथून हे काम सुरू झालं. प्रेस मशीन धडाधड चालू असताना शेडच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्या साध्या बोलण्यात "जरा डावीकडं" म्हणायच्या आणि तो डावीकडं सरकायचा.

सर्च इंजिनला त्या "साहेब" म्हणायच्या. सकाळी आल्या आल्या चपला काढून, कॉम्प्युटरपुढं उभं राहून, "बघू आज साहेबांचा मूड कसाय."

साहेबांचा मूड तेव्हा बरा होता. कुणी काही शोधलं की निळ्या अक्षरांच्या ओळी यायच्या, आणि काही ओळींच्या शेजारी एक छोटं चौकोनी चित्र, त्यावर त्रिकोण. म्हणजे इथं व्हिडिओ आहे. सगळ्या अक्षरांच्या गर्दीत माणसाचा डोळा आधी त्या चित्रावर जातो आणि बोट डोळ्याच्या मागोमाग. आमच्या गिऱ्हाइकांच्या पानांशेजारी ती चित्रं असायची. त्या एवढ्याशा चित्रावर पट्ट्यातल्या कितीतरी शेड चालत होत्या.

ते चित्र गेलं ते रावेतला एका लग्नात.

ताईंच्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न. जेवणाच्या पंगतीत ताईंनी शेजारच्या गृहस्थांना नेहमीचं विचारलं. त्यांनी भात कालवता कालवता डाव्या हातानं शोधून दाखवलं. ओळ होती, चित्र नव्हतं. ताईंनी पलीकडच्या बाईंना विचारलं. तिथंही नाही. मग त्या पानावरून उठल्याच. वाढप्याचा फोन, बँडवाल्याचा फोन, मुलीच्या काकांचा फोन. शेवटी त्या आहेर द्यायला म्हणून स्टेजवर चढल्या आणि नवरदेवाला खिशातून फोन काढायला लावला. नवरदेव घामाघूम होऊन "कांदा प्रतवारी मशीन" असं टाइप करतोय, नवरी त्याच्या फोनमध्ये डोकावतेय आणि ताई मध्ये वाकून बघतायत, असा त्या लग्नाचा एक फोटो आहे. नवरीनं तो फ्रेम करून लावलाय म्हणे.

ताई खाली आल्या, पुन्हा पंगतीत बसल्या आणि जिलबी मागून घेतली.

"चित्र गेलं," म्हणाल्या.

"कुणाचं, ताई?"

"सगळ्यांचं!" आणि त्यांचा चेहरा असा फुलला होता की समोरच्या बाईंना वाटलं, यांच्याच मुलीचं लग्न आहे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोनवर फोन. "ताई, आमचा व्हिडिओ काढून टाकला का तुमी?" "ताई, चौकशीच बंद झाली." मी रडकुंडीला आले. जी माणसं वर्षभर आमचं कौतुक करत होती ती आता आम्हाला लबाड ठरवत होती. कणकवली पुन्हा पुन्हा कॅमेऱ्याची भिंगं पुसत होता. ताई मात्र प्रत्येक फोनला शांतपणे, जवळजवळ आनंदानं उत्तर देत होत्या. मला राहवलं नाही.

"ताई, इथं दुकान बुडायलंय आणि तुम्ही हसायलाव?"

त्यांनी फोन खाली ठेवला. "लातूर, माझ्या बापाची शिफ्ट साहेब बदलायचा. विचारायचा नाही, बोर्डावर कागद लावायचा. सगळी वस्ती साहेबाला शिव्या घालत बसायची. माझा बाप घरी यायचा आणि आईला म्हणायचा, उद्यापासून डबा संध्याकाळी. संपलं. आता मला सांग, नळावर भांडी लागलीत, मोठ्या लोकांची पिंपं पुढं, आपली कळशी मागं. आणि एकदम नळच दुसऱ्या कोपऱ्यात नेला. कोण आधी पोचेल? पिंपवाला की कळशीवाला?"

"कळशीवाला."

"मग रडतेस काय? कळशी उचल."

साहेबांनी नेमकं काय बदललंय ते कळायला आम्हाला काही दिवस गेले. पूर्वी पानावर कुठंही व्हिडिओ असला तरी चित्र दिसायचं. आता साहेबांचं म्हणणं असं की ज्या पानावर व्हिडिओ हीच मुख्य गोष्ट आहे, त्याच पानाला चित्र. बाकी मजकुराच्या कोपऱ्यात व्हिडिओ चिकटवला असेल तर नाही. आणि आमच्या गिऱ्हाइकांची पानं कशी होती? वर गणपती, त्याखाली मालकांचा फोटो, मग प्रमाणपत्रं, मग "आमच्याविषयी", मग कारखान्याचं गेट, आणि तळाशी, चपला काढतात तिथं, व्हिडिओ. ताई म्हणाल्या, "साहेबांचं बरोबरच आहे. पाहुणा पाणी मागतोय आणि आपण त्याला आल्बम दाखवतोय."

पंपवाल्यांनी ऐकलं, पाइपवाल्यांनी ऐकलं. पानं मोकळी करून व्हिडिओ वर आला आणि हळूहळू चित्रं परतायला लागली. अडलं ते निघोज्याला.

निघोज्याचे मालक म्हणजे तिथल्या जुन्या शेतकरी घरातले. त्यांचे वडील कांदा पिकवायचे. कांदा बाजारात नेण्याआधी निवडावा लागतो. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, गोल्टी म्हणजे अगदी लहान तो वेगळा. ते काम दिवसभर वाकून बायका करायच्या. घरातल्या बाईची कंबर धरलेली बघून वडिलांनी सायकलची चाकं, एक जुनी मोटर आणि लोखंडी नळ्या जोडून एक मशीन बनवलं. वरून कांदे ओतायचे, ते फिरत्या नळ्यांवरून गडगडत जायचे आणि आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पोत्यांत पडायचे. मुलानं पुढं त्याचा कारखाना केला. गावातल्याच बायका आता तिथं वाकून कांदे निवडण्याऐवजी उभ्या राहून मशीन जोडत होत्या. गिऱ्हाईक सगळं व्हिडिओवरून यायचं. चित्र गेलं आणि चौकशी थांबली. दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या कंपनीचं नाव तेवढं वर राहिलं. कांद्याचा हंगाम तोंडावर होता. मागणी आली नाही तर बायकांना घरी बसायला सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं कसं या विचारानं मालक वाळून गेले होते.

ताई आणि मी निघोज्याला गेलो. ताईंनी आपल्या पद्धतीनं, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "पानावरचा वरचा मोठा फोटो काढायचा. तिथं व्हिडिओ."

तो फोटो वडिलांचा होता. पहिल्या मशीनशेजारी, डोक्याला टॉवेल गुंडाळून, बाह्या सारून उभे. ते जाऊन फार दिवस झाले नव्हते.

मालकांनी चहाचे कप आमच्यापुढं सरकवले. मग म्हणाले, "ताई, त्यांनी बनावलं म्हनून आमी हाय. त्यांना खाली न्हाई आनायचं."

"खाली नाही हो, दुसऱ्या पानावर."

"येकच झालं. तुमचा साहेब म्हनतो म्हनून मी बापाला घराभायेर काढू व्हय? चहा घ्या आन् या तुमी."

ताई वाद घालायला लागल्या. म्हणाल्या, धंदा आधी, हंगाम गेला तर बायका काय फोटो खातील का. बोलताना त्यांचा तो आवाज चढला आणि शेडमधल्या सगळ्या बायकांचे हात थांबले. मालकांनी हात जोडले आणि आत निघून गेले. चहा तसाच राहिला. परतीच्या वाटेवर तळवड्याच्या गर्दीत आमची गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि ताई, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, शेजारच्या रिक्षावाल्याकडं साधं बघतही नव्हत्या.

त्यानंतर त्यांनी ऑफिसात कुणाला हाक मारली नाही, परक्या फोनवर काही शोधलं नाही. खाली टायर ठोकत राहिले आणि आम्ही वर बसून ऐकत राहिलो.

गुरुवारी त्यांनी मला चऱ्होलीला नेलं. त्यांच्या एका नातलगांना तिथं फ्लॅट बघायचा होता. एका बाजूला बारा मजले, दुसऱ्या बाजूला बारा मजले, आणि मध्ये एक बसकं कौलारू घर. दारात गाय, तुळस. त्या घराला लागून रस्त्याच्या बाजूला नवं, काचेचं हार्डवेअरचं दुकान. दुकानात गर्दी. ताई फ्लॅट बघायच्या सोडून त्या दुकानात शिरल्या आणि गल्ल्यावरच्या माणसाला विचारलं, "दादा, मागचं घर तुमचं?"

"व्हय. आजा-पंज्याचं हाय. ते न्हाई पाडलं. रस्त्याकडंला दुकान काढलं."

"गिऱ्हाईक घरात जातं का?"

"कशाला जाईल? गिऱ्हाईक दुकानात. पावनं घरात."

ताईंनी दुकानातून काही कारण नसताना एक कडी-कोयंडा विकत घेतला. बाहेर येऊन मला म्हणाल्या, "लातूर, मी त्यांचं घर पाडायला निघाले होते गं. घर घराच्या जागी ठेवायचं की! रस्त्याकडंला दुकान काढायचं. एकेका व्हिडिओला स्वतंत्र पान. वडील जिथं आहेत तिथंच राहतील, कुणी हात लावायचा नाही."

फ्लॅट बघायला आलेले नातलग तिथंच राहिले. आम्ही परत फिरलो, आणि शुक्रवारी शेड उघडताच निघोज्याला. ताई शेडमध्ये शिरल्या त्या सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "निघोजे, त्या दिवशी माझं चुकलं. धंदा शिकवायच्या नादात मी तुमच्या घरात चपला घालून शिरले." मग त्यांनी चऱ्होलीचं घर-दुकान सांगितलं. मालक ऐकता ऐकता हसले.

"आसं आधी बोलायचं ना ताई. दुकानाला कोन न्हाई म्हनतंय?"

शूटिंगच्या दिवशी मालक कोट घालून आले. भाचीच्या लग्नातला निळा कोट. पाठ केलेलं भाषण: "नमस्कार, आमची संस्था गेली अनेक वर्षे शेतकरी बांधवांच्या सेवेत कार्यरत आहे." तोंड असं ताठ की कणकवली कॅमेऱ्यामागून पुटपुटला, "ह्यांना कोणीतरी आधी चिमटो काढा."

ताईंनी मात्र भाषण करू दिलं. त्यांनी वेगळीच तयारी केली होती. मालकांना फोनवर लोक काय काय विचारतात ते त्यांनी त्यांच्याच तोंडून काढून घेतलं होतं. ओला कांदा चालतो का? साल निघते का? दोन माणसांत काम होतं का? "एका प्रश्नाचा एक व्हिडिओ. माणूस जे विचारतो तेच त्याचं नाव, आणि उत्तर पहिल्याच दमात. नमस्कार-चमत्कार शेवटी."

ओल्या कांद्याच्या व्हिडिओसाठी ताईंनी मुद्दाम वाईट माल मागवला. चिखल लागलेला, लांब देठाचा, वेडावाकडा कांदा. मालक म्हणाले, चांगला कांदा घेऊ की. ताई म्हणाल्या, "चांगला कांदा असलेल्याला शोधायची गरजच पडत नाही."

मशीन सुरू झालं. कांदे गडगडायला लागले. मालक बाजूला उभे राहून "आमची संस्था" म्हणाले आणि खर्र असा आवाज आला. एक लांब ओला देठ नळीला गुंडाळला, मागचे कांदे साचले, दोन-चार जमिनीवर उड्या मारत पळाले. मशीन अडकलं. मालकांचा चेहरा पांढराफटक. मी कणकवलीला "कट" म्हणणार, तेवढ्यात ताईंनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

कॅमेरा चालू राहिला. मालकांनी एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा अंगातल्या कोटाकडं. मग कोट काढून कुंपणाच्या तारेवर फेकला. "आयला, वाईच थांबा," म्हणाले. बटण बंद केलं, बाजूची खिट्टी उघडली, नळी उचलून देठ सोडवला, कॅमेऱ्यापुढं धरला. "ह्यो बगा, ह्यो गडी आडवा आला व्हता. वल्या कांद्यात आसं व्हतं. बटन बंद करायचं, मगच हात घालायचा. पाना लागत न्हाई, काय लागत न्हाई. आमच्या बापानं ही खिट्टी त्याच्यापाईच ठिवलीय." नळी बसवली, बटण दाबलं, कांदे पुन्हा धावायला लागले. "झालं! वढा पोती!"

शेडमधल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मालक भानावर आले आणि म्हणाले, "चला, आता बरूबर करू. कोट कुठाय?"

"कोट राहू दे," ताई म्हणाल्या. "बरोबर झालंय."

त्यावरून ऑफिसात आमचं जोरदार भांडण झालं. मी म्हणाले, कंपनीच्या व्हिडिओत मशीन अडकलेलं कोण दाखवतं? मोठ्या कंपनीच्या व्हिडिओत तर कांदेसुद्धा धुतलेले. ताई म्हणाल्या, "अडकणार हे शेतकऱ्याला माहीतच आहे. त्याला बघायचंय की अडकल्यावर सुटतं का." व्हिडिओचं नाव ठेवलं, "ओला कांदा मशीनमध्ये अडकला तर?" स्वतंत्र पान, पानाच्या डोक्यावर व्हिडिओ, बाकी काही नाही. मी ते चढवलं तेव्हा माझी खात्री होती की निघोजे आता कायमचं गेलं.

त्यानंतर आम्ही वाट बघत राहिलो. साहेबांचं काही सांगता येत नाही. एका सकाळी ताईंचा फोन आला, "चाकणला कांदा बाजारात ये." मी पोचले तेव्हा लिलाव चालू होता. ढिगाऱ्यांच्या मधून, पोत्यांवरून पाय टाकत ताई फिरत होत्या. हमाल, अडते, शेतकरी, टेम्पोवाले, जो दिसेल त्याला, "दादा, जरा तुमच्या फोनवर शोधता का?" मीही दुसऱ्या बाजूनं सुरुवात केली. पहिल्या फोनवर निघोज्याचं चित्र. कोट न घातलेले मालक, हातात तो देठ, त्यावर त्रिकोण. दुसऱ्यावर तेच. जुन्या, काच फुटलेल्या फोनवर तेच. मोठ्या कंपनीचं नाव खाली कुठंतरी होतं, आणि त्याच्या शेजारी चित्र नव्हतं. त्यांचा झकास व्हिडिओ त्यांच्या पानाच्या तळाशी होता, प्रमाणपत्रांच्या खाली.

बाजाराच्या त्या टोकाहून ताईंनी हाक मारली, "लातूऽऽर! काय दिसतंय?"

लिलाव पुकारणारा माणूस गप्प झाला. साऱ्या बाजारानं माझ्याकडं पाहिलं. आणि मी, जिचा आवाज वर्गातही कधी निघाला नव्हता, एका पोत्यावर चढून ओरडले, "निघोजेऽऽ!"

कुणाला काही कळलं नाही, पण दोन-चार टोप्या उडाल्या. बाजारात असं काही झालं की टोप्या उडतातच.

आता माझं रावेतला स्वतःचं छोटं ऑफिस आहे. तेव्हापासून सर्चचं पान किती वेळा बदललं याची गणतीच नाही. मधे फोन उभा धरून बघायचे छोटे व्हिडिओ वर आले, मग व्हिडिओचे तुकडे दिसायला लागले, आता तर पानाच्या डोक्यावर साहेबच आपणहून उत्तर लिहून देतात आणि व्हिडिओ त्याच्याखाली जागा शोधत बसतात. दर वेळी मी गिऱ्हाइकांचे फोन मोजत बसते. ताई अजून थेरगावातच, त्याच टायरच्या दुकानावर आहेत, आणि दर बदलाला त्यांना नवी पालवी फुटते. मागं भेटायला गेले तर त्या पायऱ्यांवर उभ्या राहून टायरवाल्याच्या गिऱ्हाइकाच्या फोनवर काहीतरी बघत होत्या. मला म्हणाल्या, "साहेब आता स्वतःच बोलायला लागलाय. पण बोलायला काय लागतं? खिट्टी उघडून दाखवायला माणूसच लागतो."

पण मला ताई आठवतात त्या निघोज्याच्या त्या दिवशीच्या.

व्हिडिओ वर आल्यावर चौकशी सुरू झाली, मग मागणी. मालकांनी कुणालाही घरी बसवलं नाही. उलट शेजारच्या वाडीतून आणखी बायका बोलावल्या. आणि एक दिवस कर्नाटकातून एक शेतकरी थेट आला. त्याला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. शेडमध्ये शिरला, मालकांना पाहून ओळखीचं हसला, आणि बोट वर करून म्हणाला, "वाईच थांबा!" मालक बघतच राहिले. तो व्हिडिओ त्यानं इतक्यांदा पाहिला होता की तेवढे शब्द पाठ झाले होते. त्याला मशीन चालवून दाखवायची गरजच पडली नाही. त्यानं स्वतःच बटण बंद केलं, खिट्टी उघडली, नळी उचलली, बसवली, मान डोलावली. त्याच्या गावच्या सगळ्या शेतकऱ्यांनी मिळून त्याला पाठवलं होतं. एक नाही, ट्रकभर मशीनं हवी होती.

ट्रक भरायच्या दिवशी ताई, कणकवली आणि मी गेलो होतो. मशीनांना झेंडूच्या माळा, ट्रकच्या तोंडाला नारळ. बायकांनी एकमेकींना गुलाल लावला आणि मग मालकांना, मग आम्हाला. मालकांना काही बोलायचं होतं, पण ते ट्रकच्या चाकाशी वाकून हवा बघायला लागले. ताईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, "निघोजे, हवा बरोबर आहे. सोडा गाडी."

ट्रक गल्लीतून निघाला आणि हमरस्त्याच्या तोंडाशी अडला. पहिली शिफ्ट सुटलेली. कंपन्यांच्या बसमागून बस, कंटेनरमागून कंटेनर, नव्या मोटारींनी भरलेले लांबलचक ट्रेलर. त्या रांगेत आमच्या माळा घातलेल्या ट्रकला कोण वाट देणार? ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, मग इंजिन बंद करायला हात नेला.

ताई चालत पुढं गेल्या. गुलालानं माखलेल्या, पदर कमरेला खोचलेला. भर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि एका भल्यामोठ्या कंटेनरसमोर हात वर केला. ब्रेक करकचले. मागं बस थांबली, तिच्यामागं ट्रेलर, त्याच्यामागं आणखी बस. हॉर्न सुरू झाले, खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कंटेनरचा ड्रायव्हर ओरडला, "ओ बाई, व्हा बाजूला! कंपनीचा माल आहे!"

"आमचाही कंपनीचाच आहे!" ताईंचा आवाज सगळ्या हॉर्नच्या वर गेला. "आधी आमचा जाईल!"

बसमधल्या कामगारांनी माळा घातलेला ट्रक पाहिला, गुलाल पाहिला, मागून धावत आलेल्या बायका पाहिल्या. कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्या सुरू झाल्या. कंटेनरवाल्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर हात टेकून हसायला लागला.

ट्रक हळूच वळला. एकेक मशीन ताईंच्या समोरून गेलं. ट्रक रस्त्यावर आला, सरळ झाला, आणि त्यानं वेग घेतला. लांबवर झेंडूचा पिवळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ताईंनी हात खाली घेतला नाही, आणि तोवर त्या रस्त्यावरची मोठ्या चाकांची एकही गाडी जागची हलली नाही.